सोनं मोडून आणलेलं लोखंड

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली उतरतं ते तुम्हाला सांगायला नको. पितळेचा बंब, सासूबाईंचं जातं, मुलांचा पाळणा, बिघडलेला मिक्सर, लग्नातल्या आहेराच्या न वापरलेल्या परड्या. बंब आपण घासूनपुसून परत वर ठेवतो. जातंही कुणी भंगारात घालत नाही. पण गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी वस्तू आलीय, जुना कॉम्प्युटर. त्याच्याबद्दल मात्र घरात कुणाला काही वाटत नाही. ‘काय कामाचं ते?’ म्हणून तो सरळ हातगाडीवर जातो, किलोच्या भावानं.

आमच्या खामगावच्या घरातही असाच एक डबा होता. पीसी एक्सटी. आयबीएम कंपनीनं १९८३ मध्ये या जातीचं पहिलं यंत्र काढलं आणि मग त्याच नमुन्यावर जगभर, आपल्याकडेही, स्वस्त मशिन बनू लागल्या. माझी मशिन त्यातलीच. आत ८०८८ नावाची चिप, मेमरी ६४० केबी. हार्ड डिस्क नाहीच. पाच-सव्वापाच इंचाची, पापडासारखी लवचिक फ्लॉपी घालायला दोन खिडक्या, आणि हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. आता ६४० केबी म्हणजे किती? तुमच्या मोबाइलमध्ये काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

पाटल्या गेल्या, मशिन आली

मी तेव्हा टायपिंगचा क्लास चालवायची. बारा टायपरायटर, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत टकटक. तीसचा स्पीड, चाळीसचा स्पीड, मराठी, इंग्रजी. १९९३ मध्ये पोरी विचारायला लागल्या, “मॅडम, कॉम्प्युटर कधी शिकवता?” मुलांना अकोल्याला पाठवायचे घरचे. मुलींना कोण पाठवणार? रोजचं जाणं-येणं, संध्याकाळची गाडी, काळजी. म्हणून ठरवलं की आपणच आणायचा. अकोल्याहून एका दुकानदाराकडून वापरलेली मशिन घेतली, अठरा हजाराला. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या मोडल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “सोनं मोडून लोखंड आनलं व माय सुनेनं!” हे वाक्य पुढे आमच्या आळीत म्हणीसारखं झालं.

तुमच्यापैकी ज्या त्या काळात कॉम्प्युटर शिकल्या असतील त्यांना आठवेल, चपला बाहेर काढून आत जायचं. देवघरात जातो तसं! मशिनला झाकायला कव्हर, वर लेस लावलेलं. प्रत्येकीला अर्धा तास. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. घाटाखालचा आमचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, त्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अर्धं पान टाइप झालं की लाइट जायचा आणि पोरगी रडकुंडीला यायची. म्हणून मी शिकवलेला पहिला धडा होता, ‘दर पाच ओळींनंतर सेव्ह करायचं.’ आजही काही जणी रस्त्यात भेटल्या की हेच वाक्य म्हणून दाखवतात.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी आलं. त्याला विंडोज लागायचं, रंगीत स्क्रीन लागायची, एकाला एक मशिन लागायची. माझी एक्सटी मागे पडली आणि माळ्यावर गेली. टायपरायटरचंही पुढे तेच झालं, सरकारी परीक्षाच कॉम्प्युटरवर आली.

भाची आली सुटीला

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत ती माझ्याकडे आली ती तोंड उतरवूनच. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा तिचा विषय राहिला होता. घरी वडिलांनी म्हणजे आमच्या जावईबापूंनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. “विषय राहून राह्यले, मंग कायले लांबवायचं?” असं त्यांचं म्हणणं. मुलगी गप्प. मुलीचं खरं दुखणं वेगळंच होतं. “मावशी, पुस्तकातलं सगळं पाठ आहे माझं. पण ते आत खरंच काय करतं, हे डोळ्यांसमोरच येत नाही.”

माळा काढताना तिनं एक्सटी पाहिली. भंगारवाला दारात उभाच होता. “बाई, टीव्हीचे साठ देतो, डब्याचे शंभर.” पोरीनं त्याला थांबवलं आणि मला म्हणाली, “मावशी, यावर लिनक्स सुरू होतं का बघू?”

मी हसलेच. पण तिनं जे सांगितलं ते ऐकून माझंच कुतूहल वाढलं. ते तुम्हालाही सांगते.

एकच शेगडी, चार भांडी

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय? स्वयंपाकघरात एकच शेगडी आहे असं समजा. वरण शिजायचंय, भात व्हायचाय, भाजी टाकायचीय आणि दूधही तापवायचंय. आपण काय करतो? कुकर उतरवतो, कढई चढवतो, मधेच दुधाकडे बघतो. दूध वर यायला लागलं की हातातलं सगळं टाकून आधी गॅस बारीक. ओट्यावर जागा एवढीशीच, म्हणून जे लागतं तेच बाहेर, बाकीचं फडताळात. हे सगळं जी सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टिम! शेगडी म्हणजे प्रोसेसर, ओटा म्हणजे मेमरी, फडताळ म्हणजे डिस्क. आणि दूध उतू जाण्याची हाक, तिला त्यांच्या भाषेत ‘इंटरप्ट’ म्हणतात.

माझ्या एक्सटीवर जे डॉस चालायचं ते एका वेळी एकच भांडं चढवायचं. वरण झाल्याशिवाय भात नाही. युनिक्स नावाची सिस्टिम मात्र पहिल्यापासून चार भांडी सांभाळणारी, आणि एकाच वेळी अनेक माणसांना वाढणारी.

युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही दोन मुख्य नावं. थॉम्पसन यांनी स्वतः सांगितलेली एक हकिकत आहे. त्यांची पत्नी तान्ह्या बाळाला घेऊन सासू-सासऱ्यांकडे कॅलिफोर्नियाला गेली, तीनेक आठवड्यांसाठी. तेवढ्या निवांतपणात त्यांनी एकेक आठवडा एकेका भागाला दिला आणि सिस्टिम उभी केली! हे ऐकून मी भाचीला म्हटलं, “बघ, बाळ सांभाळायला दुसरं कुणी असलं की कसे शोध लागतात!” गंमत सोडा, पण ज्या यंत्रावर ते झालं त्या पीडीपी-७ ची मेमरी माझ्या एक्सटीपेक्षाही कितीतरी पटींनी कमी होती.

१९७३ मध्ये रिची यांनी तयार केलेल्या सी भाषेत युनिक्स नव्यानं लिहिली गेली आणि मग ती एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर नेणं सोपं झालं. आपल्याकडे १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत कॉम्प्युटर येऊ लागले, त्यातले कितीतरी युनिक्सवरच चालायचे. काउंटरपलीकडे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसायची ना, त्यामागे बऱ्याचदा हीच बाई उभी असायची.

त्या बेल लॅब्जमध्ये लोरिंडा चेरी नावाची एक बाई होती, हे मला भाचीकडूनच कळलं. युनिक्समधला आकडेमोडीचा प्रोग्रॅम, गणिताची समीकरणं नीट छापण्याचा प्रोग्रॅम, लिहिलेल्या मजकुरातल्या चुका दाखवणारी साधनं यांत तिचा मोठा हात होता. २०२२ मध्ये ती वारली. तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक. असो.

युनिक्सची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिच्यात एक मोठं यंत्र नसतं, छोटी छोटी हत्यारं असतात. प्रत्येकानं एकच काम करायचं, पण चोख. किसणी किसते, चाळणी चाळते, लाटणं लाटतं. आणि एकाचं निघालेलं दुसऱ्यात सरळ ओतायची सोय. आपलं स्वयंपाकघर शेकडो वर्षं असंच चाललंय की!

पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं घरच्या कॉम्प्युटरवर युनिक्ससारखीच पण स्वतः नव्यानं लिहिलेली सिस्टिम सुरू केली. तिचं नाव लिनक्स. ती सगळ्यांना फुकट आणि खुली. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. म्हणजे व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवणारी आपली प्रत्येक मैत्रीण रोज लिनक्स वापरते, फक्त तिला कुणी सांगितलेलं नाही.

जुन्या मशिनचे वेडे

लिनक्सला मात्र सुरुवातीपासून ३८६ किंवा त्यापुढची चिप लागायची. माझी ८०८८ त्याहून जुनी. मग? तर जगात काही हौशी माणसं आहेत, ज्यांना जुन्या यंत्रांवर नवं काही चालवून दाखवण्यातच आनंद. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ॲलन कॉक्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं आणि त्याच्या सोबत्यांनी ८०८८-८०८६ चिपसाठी लिनक्सचं एक छोटं रूप करायला घेतलं. त्याचं नाव एल्क्स. मधे काही वर्षं ते काम थंडावलं, पुन्हा सुरू झालं. आता ते एका ३६० केबीच्या फ्लॉपीत मावतं आणि एक्सटीवर सुरू होतं.

याच कॉक्सनं २०१४ मध्ये ‘फ्युझिक्स’ नावाची आणखी लहान सिस्टिम लोकांपुढे ठेवली. ती तर १९८२ च्या स्पेक्ट्रमसारख्या, टीव्हीला जोडायच्या घरगुती कॉम्प्युटरवरही जादा मेमरी लावून चालवतात. कमोडोर ६४ साठी ‘लूनिक्स’ नावाची सिस्टिम होती. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला होता, त्यात मुलांपुढे आला तो बीबीसी मायक्रो नावाचा असाच एक घरगुती कॉम्प्युटर. ते हात लावलेले विद्यार्थी आज पन्नाशीत असतील.

“पण याचा उपयोग काय?” हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. त्याचं उत्तर पुढे आहे.

हळद-कुंकू लावून नाही, अल्कोहोल लावून

इतकी वर्षं बंद असलेली मशिन सरळ प्लगमध्ये घालायची नाही, हे पहिलं. तिच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातले कपॅसिटर जुने होऊन फुटतात, धूर होतो. तो डबा घरी उघडायचाही नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. आमच्या ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकनं तो वेगळा काढून तपासला, दोन कपॅसिटर बदलले. शंभर रुपये सांगितले आणि वर चहा घेतला.

मग दोघींनी अंगणात जुनी सतरंजी टाकली. ब्रशनं धूळ काढली. तेवीस-चोवीस वर्षांची धूळ, त्यात झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल. कीबोर्डच्या कळा एकेक काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या, आणि कुठली कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. फ्लॉपी ड्राइव्हचं वाचणारं डोकं कापसाच्या काडीनं, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या अल्कोहोलनं पुसलं. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, “काहून व, थ्या डब्यात काय गवसून राह्यलं तुमाले?”

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा ‘पी’ असा आवाज आला आणि कोपऱ्यात मेमरीचे आकडे मोजले जाऊ लागले. ६४... १२८... २५६... ६४०. माझ्या अंगावर शहारा आला. पण डॉसची फ्लॉपी चालेना. काळ्या पापडावर पांढरी बुरशी! मशिन जिवंत, पण तिला सुरुवात करून देणारं कुणी नाही.

एल्क्सची प्रत भाचीच्या लॅपटॉपमध्ये आली खरी, पण ती फ्लॉपीवर उतरवायची कशी? आजच्या लॅपटॉपला कुठली फ्लॉपी? तिनं यूएसबीला जोडायची एक छोटी सर्किटची पाटी मागवली. एक्सटीचाच एक ड्राइव्ह काढून त्या पाटीला जोडला, त्याला वेगळा वीजपुरवठा दिला. माझ्या जुन्या सामानात कोऱ्या फ्लॉप्यांचं न उघडलेलं खोकं होतं. पहिल्या तीन फ्लॉप्या वाया गेल्या, चौथी लिहिली गेली. ड्राइव्ह परत मशिनमध्ये बसवला. या सगळ्यात भाऊबीज येऊन गेली.

लॉगिन

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. फ्लॉपी आत, खटका खाली, बटण दाबलं. ड्राइव्हचा लाल दिवा लागला. घर्र घर्र, थांब, घर्र. त्या आवाजाला धीर लागतो बरं! मिनिट-दीड मिनिटानं हिरव्या अक्षरांत ओळी सरकू लागल्या आणि शेवटी एक शब्द येऊन थांबला, ‘लॉगिन’.

भाचीनं ‘रूट’ असं टाइप केलं. रूट म्हणजे घरातली कर्ती, जिला सगळ्या कपाटांच्या किल्ल्या. आणि मग तिनं जे केलं ते मी बघतच राहिले. तिनं एक काम मागे चालू ठेवलं, दुसरं पुढे सुरू केलं आणि मग यादी मागवली की कोण काय करतंय आणि ओट्यावर कुणी किती जागा अडवलीय. पडद्यावर मोजून पाच-सहा ओळी.

“मावशी, लॅपटॉपवर ही यादी मागवली तर शेकडो ओळी येतात. काही कळत नाही. इथे सगळं मोजता येतंय. हे बघ, हा गाभा. ही त्याची जागा. हे मी सुरू केलेलं काम.” मग तिनं मुद्दाम एक चुकीचा प्रोग्रॅम लिहिलेला होता तो चालवला. मशिन जागच्या जागी थिजली. तिला आनंद! कारण ८०८८ चिपमध्ये एका कामानं दुसऱ्याच्या जागेत शिरू नये म्हणून घालायची भिंतच नाही. एक बिघडलं की सगळं घर बसतं. पुढच्या चिपांमध्ये ती भिंत आली. “पुस्तकात यावर अख्खा धडा आहे, मावशी. भिंत कशाला हवी ते आज कळलं.”

भिंत नसलेल्या घरात राहिल्याशिवाय भिंतीची किंमत कळत नाही, हे काय मी तिला सांगायचं!

सत्तेचाळीस नावं

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या फ्लॉप्या काढल्या. अकरा होत्या. त्यातल्या नऊ गेलेल्या. दोन वाचल्या गेल्या. एल्क्सला डॉसची फ्लॉपीही वाचता येते, ती दुसऱ्या खिडकीत घालून ‘माउंट’ करायची, म्हणजे नवीन पाहुण्याला घरात घ्यायचं. त्यातल्या एकीवर माझं विद्यार्थ्यांचं रजिस्टर निघालं, १९९३ ते १९९५ चं, डीबेसमध्ये केलेलं. डीबेस काही आता नव्हतं, पण भाचीनं फाइल तशीच पडद्यावर ओतली. आधी थोडा कचरा आला, वेडीवाकडी चिन्हं. आणि मग नावं. एकापाठोपाठ एक, मधे मोकळ्या जागा सोडून. गाव, वय, भरलेली फी, शेरा.

सत्तेचाळीस नावं. त्यात एकतीस मुली. नांदुऱ्याची एक, जलंब स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या दोघी बहिणी, आमच्याच आळीतल्या सहा. साठ रुपये फी, तीही वीस-वीसच्या हप्त्यानं. शेऱ्याच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहून ठेवलेलं होतं. कुणापुढे ‘पूर्ण’, कुणापुढे ‘परीक्षा पास’. आणि अकरा जणींपुढे एकच, ‘सोडला, लग्न’.

भाचीनं ते मोजलं. म्हणजे मशिनलाच मोजायला लावलं. त्या शब्दाच्या ओळी वेगळ्या काढायच्या आणि मोजायच्या, असं सांगितलं. आकडा आला ११. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, या अकरा जणींचं पुढे काय झालं?”

काहींचं मला माहीत होतं. एक आज स्वतःचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते, नवरा गेल्यावर तिनं वीस वर्षांनी पुन्हा कीबोर्डवर बोटं ठेवली. एक सुखात आहे, मुलं परदेशी. बाकीच्यांचं काही कळलं नाही. अर्धा तास रोज, तेवढाच आमचा संबंध. पण त्या येत होत्या, शिकत होत्या, याची नोंद एवढ्याशा फ्लॉपीवर राहिली. दुसरीकडे कुठे ती असेल असं मला वाटत नाही.

ती यादी आम्ही कागदावर उतरवून घेतली. मी ती घेऊन बहिणीकडे गेले. जावईबापूंसमोर ठेवली आणि एवढंच म्हटलं, “हे अकरा शेरे मी लिहिले, जावईबापू. बारावा लिहायला लावू नका.” ते काही लगेच विरघळले नाहीत. सिनेमा थोडाच आहे! स्थळं बघणं चालूच राहिलं. पण बोलणी परीक्षेनंतर, आणि डिग्री पूर्ण झाल्याशिवाय तारीख नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. उन्हाळी परीक्षेत पोरीचा तो विषय सुटला. फार मोठे मार्क नाहीत, पण सुटला.

तुमच्या घरी काय करता येईल?

आता तुमच्याकडे एक्सटी असण्याची शक्यता कमीच. पण कपाटात ‘फार स्लो झालाय’ म्हणून पडलेला लॅपटॉप तर असेल? मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ ला नवीन जातीची चिप लागते, म्हणून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप आता निकामी ठरवले जातायत. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. जरा थांबा.

अशा लॅपटॉपवर लिनक्स घालता येतं. दोन ते चार जीबी मेमरी असेल तर लिनक्स मिंट, त्याहून जुना असेल तर पपी लिनक्स किंवा अँटिएक्स. सगळं फुकट. आधी पेनड्राइव्हवर घेऊन तसंच चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आवडलं तरच कायमचं घाला, आणि घालण्याआधी लग्नाचे फोटो, मुलांची कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. मराठी टायपिंग होतं, पत्र होतं, हिशेबाचा तक्ता होतो, बचत गटाची खतावणी होते. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, ज्या टॅलीचं काम करतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही विनामूल्य.

आणि जे खरंच गेलेलं आहे ते हातगाडीवर देऊ नका. जुन्या डब्बा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तांबं काढायला वायरी जाळतात तो धूर आपल्याच नाकात जातो. ई-कचऱ्याचे वेगळे नियम आपल्या देशात २०१२ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या संकलन केंद्रात किंवा नगरपालिकेच्या ई-कचरा मोहिमेत तो द्यावा. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या आणि एकदा त्यात काय आहे ते बघा. जुन्या पेंटियमच्या बोर्डावर बॅटरी असते, ती फुटून हिरवं झालेलं असेल तर हात लावू नका.

आपल्याला शिकवलं जातं की मशिन ही पुरुषांची गोष्ट, ती बिघडली की त्यांना हाक मारायची. पण ज्या बाईला शिवणयंत्राची बॉबिन बसवता येते, कुकरची रिंग कुठे गळते ते शिट्टीवरून कळतं, तिला कॉम्प्युटरही कळू शकतो. कुणीतरी झाकण उघडून दाखवायला हवं, एवढंच. तुमच्या घरात एखादी मुलगी अशी उघडझाप करत बसली असेल तर ‘पसारा आवर’ म्हणण्याआधी जरा तिच्याजवळ बसा. विचारा, हे काय आहे गं? ती सांगेल. आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच ते जास्त कळेल.